मागच्या पार्किंगमधलं प्रॅक्टिकल

"एकदा झालं ते चुकून. तीनदा झालं तर रीडिंग," असं म्हणत काका खिशातून पेन्सिलीचं थोटूक काढायचे आणि आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीवर बारीक रेघ मारायचे. माझा स्केटबोर्ड जमिनीपासून किती उचलला गेला, त्याची ती नोंद. पहिला महिनाभर ती जमिनीलगतच असायची.

एकतिसाव्या वर्षी मुलुंडच्या सोसायटीत स्केटबोर्ड शिकणारी बाई म्हणजे लोकांची फुकट करमणूक. बघायला सगळ्या बाल्कन्या असत. खाली उतरून चौकशी केली ती एकट्या काकांनी. ते चौथ्या मजल्यावर राहायचे. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती. घाटकोपरच्या एका कॉलेजात, फिजिक्सच्या प्रयोगशाळेत त्यांनी असिस्टंट म्हणून अख्खी नोकरी काढलेली. प्रयोग मांडायचा त्यांनी, समजावायचा सरांनी, तास संपला की आवरायचं पुन्हा त्यांनी. अशी माणसं तुमच्याही कॉलेजात असतील. त्यांचा आवाज आठवतो का बघा.

पहिल्या दिवशी मी जोरात आपटले, तेव्हा त्यांनी विचारलं, "बोर्ड पुढे का पळाला?"

"घसरला."

"घसरला नाय गो. तू घाबरून मागे झुकलीस. मागे जाताना पायांनी त्याला पुढे ढकललंस. त्याचा काय दोष?"

मला शिकायची होती ती उडी. हात न लावता बोर्ड पायांबरोबर वर कसा येतो, हे व्हिडिओ बघून बघून डोकं पिकलं तरी कळेना. काकांनी एक लाकडी पट्टी आणली, मधोमध खाली पेन्सिल ठेवली आणि एका टोकावर टिचकी मारली. दुसरं टोक टुणकन वर आलं.

"मागचं टोक आपट, जमीन त्याला उलट वर ढकलते. पण तेव्हा तुझं वजन त्याच्यावर नको, तू आधीच हवेत पाहिजेस. मग पुढचा पाय घासत पुढे ने, म्हणजे मागची बाजू पण वर येते. त्याला उचलायचं नसतं गो. त्याच्या वाटेतून बाजूला व्हायचं असतं."

हे सांगताना त्यांचा आवाज चढायचा. मग स्वतःच दचकून इकडेतिकडे बघायचे, एखादे सर ऐकत असल्यासारखे. मला आधी हसू यायचं, नंतर वाईट वाटायचं.

रोज संध्याकाळी साडेपाचला मी पोचायच्या आधी ते छोट्या ब्रशने जमिनीवरचे खडे झाडून ठेवायचे. "एका खड्याने चाक थांबतं. तू थांबत नाहीस," म्हणायचे.

एका शनिवारी बोर्ड वीतभर उठला आणि मी त्याच्यावरच उतरले. मग पुन्हा. मग तिसऱ्यांदा. काकांनी रेघ मारली. मी वाकून नमस्कार केला. त्यांचे गुडघे दुखायचे आणि लिफ्ट आठवडाभर बंद होती, म्हणून मी प्रेमानेच म्हणाले, "काका, आता जमलं ना. उद्यापासून नाही आलात तरी चालेल."

"बरं," ते म्हणाले. त्यांनी पट्टी पुसली, ब्रश झटकला. मग रुमालाने भिंतीवरच्या सगळ्या रेघा पुसून काढल्या. मला वाटलं, काय टापटीप माणूस आहे. तास संपल्याचं मीच सांगितलं होतं, हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

त्यानंतर ते उतरले नाहीत. ऑफिसच्या धबडग्यात दोन महिने गेले. मग एका संध्याकाळी मला त्यांची फार आठवण आली. अडलेलं काही नव्हतं, पण एक खोटी शंका तयार करून चौथ्या मजल्यावर गेले. दाराला कुलूप होतं.

समोरच्या वहिनी बाहेर आल्या. "तुला कळलं नाही? त्यांना बरं नव्हतं, म्हणून पुतण्या मानखुर्दला घेऊन गेला. तिथेच गेले गं. तेरावंही झालं."

त्या पुढे म्हणाल्या, "इथे होते तोवर रोज संध्याकाळी इस्त्रीचा शर्ट घालून दार उघडं टाकून बसायचे. मी विचारायचे, कुठे निघालात? तर म्हणायचे, खालून बोलावणं आलं तर तयार असलेलं बरं."

मी दुसऱ्या मजल्यावर राहते. जिन्यातून हाक मारली असती तरी त्यांना ऐकू गेली असती.