धाकलीचे सुटे भाग

“बसा, पण दार हळू लावा. धाकलीला लागतंय.”

आप्पांच्या गाडीत पाय ठेवणाऱ्या प्रत्येकाला हे ऐकून घ्यावं लागे, मग तो मुंडावळ्या बांधलेला नवरदेव असो की कळा सुरू झालेली बाई. धाकली म्हणजे त्यांची जुनी अँबेसिडर, दुधावरच्या सायीच्या रंगाची. थोरली म्हणजे आक्का, त्यांची सख्खी बहीण. नवरा गेल्यावर त्या माहेरी आल्या त्या कायमच्याच. आप्पांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा बेंगळुरूला. निपाणीत आमच्या घरासमोर आप्पा आणि त्यांच्या दोन बहिणी राहतात, असं आम्ही चेष्टेनं म्हणायचो. आक्कांचीही हरकत नसे. “दोघीत तिचंच लाड जास्ती,” एवढंच त्या म्हणत.

आप्पांची हयात तंबाखूच्या वखारीत गेली, पण कपड्यावर कधी डाग दिसला नाही की तोंडात शिवी आली नाही. जैन माणूस, दिवस मावळायच्या आत जेवणार. आमच्याकडे त्या जेवणाला अंथऊ म्हणतात. आप्पांचं अंथऊ कधी चुकलं नाही, आणि गंमत म्हणजे त्यांनी गाडीलाही तोच नेम लावला होता. अंधार पडल्यावर पंपावर कधी पेट्रोल घालायचे नाहीत.

“धाकली रातचं जेवत न्हाय, बाई,” असं मला अगदी गंभीर चेहऱ्यानं सांगायचे. मी शाळेत शिकवते, म्हणून अख्ख्या गल्लीची मी बाई.

त्यांचं गाडी चालवणं म्हणजे दुसऱ्याच्या संयमाची परीक्षा. सायकलवाले पुढं निघून जात. रस्त्यात कुत्रं झोपलेलं दिसलं की आप्पा हॉर्न मारायचे नाहीत. गाडी थांबवायची, उतरायचं, कमरेवर हात ठेवून “एळप्पा, एळु”, म्हणजे ऊठ बाबा, ऊठ, असं कानडीत म्हणायचं, आणि ते उठून आळोखेपिळोखे देऊन बाजूला होईपर्यंत उभं राहायचं. मागं टेंपोंची रांग लागायची. मराठीत का सांगत नाही, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, “मराठीत सांगिटलं की वाद घालत्यात.”

तुमच्याही गल्लीत असा एखादा असेलच, ज्याच्यावर सगळे वैतागतात आणि ज्याच्याशिवाय कुणाचं पान हलत नाही. लग्नाला, दवाखान्याला, पोरीला सासरी सोडायला, सगळ्याला आप्पांची धाकली. भाडं त्यांनी कधी घेतलं नाही. दार मात्र हळू लावायचं.

आता अपघाताचं सांगते. गल्लीत तो वेगळाच सांगतात, आणि आप्पांना त्याचीच लाज वाटे. म्हणून मी खरा कसा झाला तेच सांगते, त्यांनी मला सांगितला तसा.

भाद्रपदातलं पर्युषण पर्व चालू होतं. बोरगावात महाराजांचा चातुर्मास होता आणि आक्कांना प्रवचन ऐकायचं होतं. पर्वाच्या दिवसांत आक्का एकदाच जेवत, तेही घरच्या विहिरीच्या पाण्यात स्वतः रांधलेलं. बाहेरचा घोटभर चहासुद्धा चालायचा नाही. दुपारी प्रवचन संपलं की थेट घरी येऊन जेवायचं, असं ठरलं होतं.

प्रवचन संपलं आणि बोरगावच्या चौकात वखारीच्या वेळचे एक ओळखीचे भेटले. “आप्पा, ही अजून चालती व्हय?” एवढंच ते म्हणाले. झालं. आप्पांनी बॉनेट उघडलं. इंजिन दाखवलं. मग इंजिन चालू करून त्याचा आवाज ऐकवला. चार माणसं जमली, तशी डिकी दाखवली. आक्का मागच्या सीटवर उपाशी बसून होत्या. त्यांनी एकदा काच खाली करून “चलायचं का?” असं विचारलं, तेव्हा आप्पा “आलो गं” म्हणाले आणि पुन्हा कार्बोरेटरकडे वळले.

भानावर आले तेव्हा ऊन पिवळं पडलं होतं. दिवस मावळला तर आक्कांना दुसऱ्या दिवसापर्यंत पाण्याचा थेंबही घेता येणार नव्हता. ज्यानं जन्मात घाई केली नाही त्या माणसानं त्या दिवशी गाडी हाणली. निपाणी जवळ आली असताना एका वळणावर धाकली मोरीच्या दगडी कठड्यावर जाऊन आदळली. समोर कुणी नव्हतं. आप्पांचं कपाळ फुटलं. आक्कांचा उजवा हात मनगटात मोडला.

शेतातून माणसं धावत आली. त्यातल्या एकानं आप्पांना ओळखलं आणि विचारलं, “कुत्रं आडवं आलं व्हय, आप्पा?”

आप्पांनी ‘हो’ अशी मान हलवली.

एवढीच काय ती चूक. पण निपाणीत गोष्टीला पाय फुटायला किती वेळ लागतो, हे तुम्हाला ठाऊक असेल. आम्ही दवाखान्यात पोचलो तोवर ते कुत्रं काळं झालं होतं. रात्रीपर्यंत ती कुत्री झाली आणि तिच्या पोटात पिलं आली. आप्पांनी आपली गाडी मोडली, बहिणीचा हात मोडला, पण मुक्या जिवाला धक्का लागू दिला नाही! ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. माझ्याही आलं. बायकांनी आक्कांना विचारलं, “केवढं होतं ओ कुत्रं?” आक्का म्हणाल्या, “मी डोळं मिटून णमोकार म्हणत होतो. मला काय दिसतंय?” आमच्याकडच्या जुन्या बायका स्वतःबद्दल बोलतानाही होतो, गेलतो असंच म्हणतात. आक्का खोटं बोलल्या नाहीत आणि भावाला उघडंही पाडलं नाही. त्या रात्री त्या उपाशीच राहिल्या.

ट्रॅक्टरला बांधून धाकली घरी आणली. मेस्त्री खाली झोपून, वर वाकून सगळं बघून आला आणि हात पुसत म्हणाला, “चॅसीच वाकलीया, आप्पा. इंजिन बी आत आलंय. हिचं काय हुईत न्हाय आता. पार्ट तेवढं काढून ठिवूया.”

आप्पांनी आतून गोणपाट आणून दिलं. मेस्त्री पाने घेऊन बसला आणि एकेक भाग अंगणात गोणपाटावर मांडत गेला. पुण्याईची गाडी म्हणून लोक ते मागायला येऊ लागले. टेंपोवाल्यानं हॉर्न नेला. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी मागच्या काचेचे पडदे मागून घेतले आणि तपासायच्या खोलीत लावले. मंदिराच्या कमिटीनं मागची सीट नेली, प्रवचनाला येणाऱ्या म्हाताऱ्यांना टेकून बसायला. मी आतला आरसा घेतला. अंगणातल्या नळापाशी तो टांगला आणि आमचे हे त्यात दाढी करू लागले. त्यात एका वेळी एकच गाल दिसायचा.

प्रत्येकाला आप्पा “न्या” म्हणत. वर बघत नसत. आम्हाला वाटलं, गाडीचं दुःख आहे. कुणी समजूत घालू लागलं की ते उठून परसात जायचे. बाजाराला पुढच्या रस्त्यानं जायचं त्यांनी सोडलं होतं, मागच्या बोळातून जायचे. शरमेनं जाणारा माणूस आणि दुःखानं जाणारा माणूस पाठमोरे सारखेच दिसतात. आम्हाला फरक कळला नाही.

पर्व संपलं की क्षमावाणी असते. वर्षभरात कळत नकळत दुखावलं असेल म्हणून सगळे एकमेकांपुढं हात जोडतात, “उत्तम क्षमा” म्हणतात. त्या दिवशी मंदिरात आप्पांचा सत्कार ठेवला. जीवदयेसाठी शाल आणि श्रीफळ. आम्ही सगळी गल्ली गेलो होतो. भाषण झालं, त्यात पिलंही आली. आप्पा खांद्यावर शाल घेऊन उभे होते आणि त्यांच्या पट्टी बांधलेल्या कपाळावर घाम आला होता. बोला म्हणून आग्रह झाला, तर त्यांनी नुसते हात जोडले. त्यावरही टाळ्या पडल्या.

घरी आल्यावर जे घडलं तेही त्यांनीच सांगितलं. आक्कांनी प्लास्टरातला हात डाव्या हातानं उचलून धरला, कसेबसे दोन्ही हात जुळवले आणि धाकट्या भावाला म्हणाल्या, “माझ्या जेवणापायी तुझी धावपळ झाली रं. मला क्षमा कर.”

आप्पा तिथंच खाली बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आमच्या दारात उभे राहिले. पुढच्या रस्त्यानं आले होते. आत या म्हटलं तर आले नाहीत.

“बाई, तो आरसा तुम्ही कशापायी नेला?”

“आठवण म्हणून, आप्पा. तुम्ही त्या कुत्र्यासाठी...”

“कुत्रं नव्हतं,” ते म्हणाले. मग बोरगावच्या चौकापासून सगळं सांगितलं. “भन उपाशी बसलीया आणि मी कार्बोरेटर दाखवालोय. आणि वर शाल घिऊन आलो. आता खरं ऐकलासा. आरसा ठेवायचा का परत द्यायचा, तुम्ही ठरवा.”

माझा चेहराच गरम झाला होता, जणू मीच पकडले गेले होते. मी म्हटलं, “ठेवते की, आप्पा.”

“मग खऱ्यासकट ठेवा,” म्हणाले, आणि हात जोडून शेजारच्या दाराकडे वळले.

असे ते ज्या ज्या घरी धाकलीचा भाग गेला होता तिथं तिथं गेले. टेंपोवाला हसला आणि म्हणाला, “जाऊ द्या वं आप्पा, हॉर्न चांगला वाजतोय.” डॉक्टरांनी पडदे काढून, धुऊन, घडी घालून परत पाठवले. ते पडदे बघून आप्पांना बरंच वाटलं असावं, असं मला वाटतं; निदान एकानं तरी खरं मनावर घेतलं होतं. मंदिरातून मात्र फार समजुतीचा निरोप आला. झालं ते झालं, आता चारचौघांत काढू नका, मंदिराची शोभा जाते. शाल कमिटीनं परत घेतली नाही आणि सीटही दिली नाही. आप्पा नंतर प्रवचनाला जात, पण गुडघे दुखत असूनही फरशीवर बसत.

गंमत अशी की लोकांना खरं नकोच होतं. खऱ्यात काय होतं? एक म्हातारा, त्याची मिजास आणि एक मोरी. कुत्र्याची गोष्ट केवढी गोड! नवा पाहुणा आला की कुणीतरी ती सांगायचंच. आप्पा जवळ असले की काठी टेकत येत आणि मध्येच म्हणत, “कुत्रं नव्हतं.” लोक एकमेकांकडे बघून हसत. म्हाताऱ्याचा विनय बघा, असं म्हणत. दार हळू लावा म्हणणारा माणूस आता एवढंच बोलायचा, आणि त्याचंही आम्ही कौतुकच करून टाकलं.

गेल्या हिवाळ्यात आप्पा गेले. झोपेतच गेले, कुणाला त्रास न देता.

मंदिराच्या सभागृहात शोकसभा झाली. पुरुष एका बाजूला, बायका एका बाजूला. वक्त्यांनी घसा साफ केला आणि आवाज कापरा करून सुरुवात केली, “एका मुक्या गर्भार जिवासाठी ज्यांनी आपली लाडकी गाडी...”

सभागृहातल्या निम्म्या लोकांना आप्पांनी स्वतः दारात उभं राहून खरं सांगितलं होतं. मलाही सांगितलं होतं. आम्ही सगळे खाली फरशीकडे बघत बसलो. वक्ते पिलांपर्यंत आले.

तेव्हा बायकांच्या बाजूनं आक्का उठल्या. एकदम उठता आलं नाही, आधी गुडघ्यावर, मग माझ्या खांद्यावर हात टेकून. तो मोडून नीट न बसलेला हात मला जड लागला.

“कुत्रं नव्हतं,” त्या म्हणाल्या. “मला भूक लागलीती. भाऊ माझा घाईत होता.”