एक मानूस, दोन रेडे

किस्से काही ठरवून जमत नाही. खळ्यावरून दाने घरी गेल्यावर मांगं कुटार राह्यते ना, तसे ते राह्यतात. वर्गात सर शिकवत ते दाने. ते मा घरी किती आले ते इचारू नका. कुटार मातर लय हाय. मोट हाकता हाकता तेच उपनत राह्यतो मी.

*

आमचे इंग्रजीचे भालेराव सर साताऱ्याकडचे. बदली होऊन धामणगावात आले, आमच्या वह्या पाह्यल्या अन दोन दिवस कोनाशी बोललेच नाही. तिसऱ्या दिवशी म्हने, "अरे बाबांनो, पीक राखायला तुमच्यात माणूस ठेवतात ना? मग शब्द राखायला का नको?"

अन त्याईनं एकएका पोट्ट्याले एकएक अवघड शब्द वाटून देला. ज्याचा शब्द त्यानं राखाचा. ध्यानात राहाले त्याची काही तरी खून बांधाची. दुसऱ्याले अडला का त्यानं राखनदाराले इचाराचं. पुस्तकात पाहाचं नाही.

साऱ्या जिल्ह्यात अशी इंग्रजी आमचीच. पुस्तक दप्तरात, अन स्पेलिंगा गावभर हिंडून राह्यल्या.

*

शाम्या माया बाकावरचा. त्याले 'कमिटी' भेटली. तिच्यात एम दोन, टी दोन, ई दोन. शाम्याचा बाप पंचायतीत, म्हनून बैठका पाह्यलेल्या. त्यानं खून बांधली, "दोन म्हातारे, दोन तरणे, शेवटी दोन येडे."

चार दिवसात ते गावभर झालं. सरपंच सोता शाळेत आले. "सर, हे येडे कोन हायेत?"

सर हाताचा खडू झटकत म्हने, "नावं नाहीत हो त्यात. शेवटी जे बसतात ते."

पुढच्या बैठकीले सतरंजीच्या शेवटच्या टोकाले कोनी बसेच ना. शाम्याचा बाप अर्धा घंटा उभाच होता म्हंतात.

*

बंड्याकडं 'अॅड्रेस' होता. त्यात डी दोन, एस दोन. बंड्याची खून अशी, "ज्या घराले दोन दारं अन दोन सासवा, त्याचा पत्ता कोनीबी सांगते." डी म्हंजे दार, एस म्हंजे सासू.

एकडाव सरांनी पत्र लिहाले लावलं अन नेमका बंड्या तापानं पडेल. साऱ्या वर्गानं पत्र लिहिलं, पन तेवढ्या शब्दाची जागा कोरी.

"अरे, कुणालाच येत नाही?"

"येते ना सर," शाम्या म्हने. "पन राखनदार कुठी हाय? त्याच्या मांगं कसा घ्यावा? चोरी नाही का ते?"

सरांनी हातातलं पुस्तक मिटलं. मंग म्हने, "उठा."

पोट्टे एका रांगेत, सर फुडं, गुपचूप बंड्याच्या घराकडं निघालो. बंड्याची माय सारवत होती. येवढे लोकं खाली मान घालून येताना पाह्यले अन बाई जे रडाले लागली, का शेजारपाजार गोया झाला. तिले वाटलं डाक्टरनं आपल्याले सांगतलं नाही, सरांले सांगतलं.

बंड्या गोधडीतून म्हने, "माय, उगी राह्य. स्पेलिंग घ्याले आले ते."

*

आता मायं सांगतो. माया शब्द 'टुमारो'. उद्या. एम एक, आर दोन. खून खुद्द सरांनी बांधून देली, कारन का मी बांधलेली वर्गात सांगन्यासारखी नव्हती. "उद्या शेतात जाईल एक माणूस, दोन रेडे." आमी आमच्याकडं हेले म्हंतो. पन आरसाठी रेडेच पायजे, म्हनून सारा वर्ग रेडे म्हनाले लागला. घरी बा इचारे, "काऊन बे, मोठा साताऱ्याचा झाला का?"

अन मले खाज. परीक्षेच्या आदल्या दिवशी मी साऱ्याईले सांगतलं, "सर म्हने तिसरा रेडा घेतला." अठरा वह्यात तीन आर निंगाले.

मले वाटलं आता छडी. सरांनी छडी हातात घेतली, अन टेबलावर ठून देली. म्हने, "गजानन, कुंपणानंच शेत खाल्लं की रे."

मी मान खाली घातली.

"आता ऐक. हा शब्द जन्मभर तुझा. दुसऱ्या कुणाला देणार नाही मी. तूच सांभाळायचा."

तवा मले ते लय सस्त्यात सुटल्यासारखं वाटलं.

*

मंग बाचा पाय मोडला. मोट जिथं पालथी होते त्या थारोळ्यावरून घसरला, अन हाड बसवनारा म्हने का चार महिने हलाचं नाही. वांगे, मिरच्या उभ्या होत्या. घरात मोट हाकनारा मीच उरलो. शायेले म्हटलं, येतो चार दिवसात.

आमचं वावर शायेच्या मांगंच. मधात नाला. मोटीची धाव म्हंजे उतारच, तिच्यावर वर चढलं का वर्गाची खिडकी दिसते, खाली उतरलं का दिसत नाही. दिवसातून किती डाव दिसते, मोजत नाही मी. रेड्याईले मोजू देतो.

हाव, रेडेच. एक मानूस, दोन रेडे. सरांनी खून बांधली का मलेच बांधलं, कोनाले ठाव.

शाम्या संध्याकाई येते. मी सहज इचारतो, का बे, काय चाललं वर्गात. माया बाकावर कोनी बसते का, हे मी इचारत नाही. तो आपल्यानंच सांगते, "कोनी नाही बसत."

एक दिवस म्हने, "सर फळ्यावर लिहून राह्यले होते. तुया शब्द आला. तेवढी जागा सोडली अन फुडं गेले."

"अन हजेरीत?"

"नाव घेतात ना. गजानन म्हंतात, जराशे थांबतात, मंग फुडचं."

मी म्हटलं, येड्या, मले काय करा लागते त्याचं. अन हात धुवाले इहिरीवर गेलो. हात धुतलेलेच होते.

मंग शाम्यानं खरं काढलं. सोमवारी बुलढान्याहून शाळा तपासनारे डिपोटी साहेब येनार. जे लय दिवसाचे गैरहजर, त्याईचं नाव पटावरून काटनार. एकडाव काटलं का मंग पाय बरा होवो का इहीर आटो, परत बसू देत नाही.

*

सोमवारी सकायपासून मी मोट हाकून राह्यलो. जीप आलेली दिसली. वर चढलो का खिडकी, खाली उतरलो का काईच नाही.

वर्गात काय झालं ते शाम्यानं मंग सांगतलं. डिपोटीनं टेबलावर हजेरी पसरली होती, पेन उघडं होतं. नावं पाहता पाहता सहज म्हने, "कोण सांगेल, टुमारोचं स्पेलिंग?"

येकबी हात वर झाला नाही.

"मास्तर, एवढंही नाही येत यांना?"

 अन सारे पोट्टे उठले अन खिडकीकडं गेले.

मी तवा धावेवर अर्ध्यात होतो, भरेल मोट वर येऊन राह्यली होती. पाह्यतो तं खिडकीभर तोंडं. शाम्यानं गजाले धरून बोंब ठोकली, "गज्या बे, तुया शब्द!"

मी रेडे थांबवले. ते मांगं सरकले अन मोट धपकन परत इहिरीत गेली. बा वावरात आनून टाकलेल्या बाजीवरून शिव्या घालाले लागला. मी धावेवर उभा राह्यलो, पाखरं हाकलाले जसा आवाज काढतो तसा काढला, अन टी पासून डब्ल्यू पर्यंत एक एक अक्षर नाल्यापार फेकलं. मधात एक मानूसबी फेकला अन दोन रेडे बी, दोनच.

डिपोटी खिडकीशी आला. पेन तसंच हातात. "हा कोण?"

सर म्हने, "गजानन, साहेब. हजर आहे. जरा लांब बसलाय."