मोठीमायचे देव अजून पाण्यातच

पेपरच्या पुरवणीतले गेलेल्या माणसावरचे असे लेख मी बी वाचतो, त्याच्यानं मले माहीत आहे तुम्ही कायची वाट पाहून राह्यले. आता हा लिहीन की मोठीमाय म्हणजे मायेचा सागर, तोंडात चोवीस तास देवाचं नाव, आणि हात जोडूनच शांत चेहऱ्यानं गेली. त्यातलं देवाचं नाव तेवढं खरं आहे. पण त्या नावाच्या पुढं ती जे लावे, ते पेपरात छापता येत नाई.

मोठीमाय म्हणजे माह्या बाबाच्या मोठ्या भावाची बायको. कुरखेड्याले त्यायचं घर आणि आमचं घर, मधात एक भिंत. ती गेली तवा मी गडचिरोलीले एका लग्नात मिमिक्रीचा प्रोग्राम कराले गेलो होतो. मोठ्या बाबाचा, म्हणजे तिच्या नवऱ्याचा, फोन आला, "तुही मोठीमाय गेली रे." बस, एवढंच. माही आई तवा वडस्याले मामाकडं होती. मी तिले फोन लावला आणि जे ऐकलं ते जसंच्या तसं सांगतलं. सवयीनं आवाजही मोठ्या बाबाचाच निघाला. आई म्हणते, "मुर्द्या, जित्या माणसाले मारून मस्करी करतं काय?" आणि फोन कापला. मग पुन्हा लावला, पुन्हा कापला. शेवटी रडाले लागलो तवा तिनं मानलं, आणि ते बी अर्धंच. मोठीमाय असती त पोट धरून हसली असती. म्हणाली असती, "तुह्यावर कोणी भरोसा ठेवत नाई, आणि तो वरचा तोंड उघडत नाई तरी त्याच्यावर सगळे ठेवतात."

वरच्याशी तिचं वाकडं आलं ते मंगेशपासून. मंगेश तिचा एकुलता एक, माह्याच वर्गातला. त्याले सिकलसेल होता. आमच्या भागात हा आजार कोणाले सांगा लागत नाई, पण तुमच्याकडं नसंन त सांगतो. रक्तातल्या गोल पेशी विळ्यावानी वाकड्या होतात, नसांमधी अडकतात, आणि हाडं कोणी आतून ठेचून राह्यला असं दुखते. मंगेश म्हणे, "अंगात काचा फिरून राह्यल्या बे." दवाखान्यात मी त्याच्या खाटेपाशी बसून डॉक्टरचा, सिस्टरचा, खाली चहा विकणाऱ्याचा आवाज काढू. तो हसे. हसला की छातीत कळ येये, मग मले घाण घाण शिव्या देये... आणि कळ उतरली की म्हणे, "चहावाल्याचा पुन्हा काढ ना."

शेवटच्या खेपेले त्याले भरती कराच्या आधी मोठीमायनं देव पाण्यात ठेवले. काम अडलं की आमच्याकडं असं करतात. घरातले सगळे देव पाण्यात बुडवून ठेवाचे, आणि मागितलेलं भेटलं की काढून, पुसून, निवद दाखवून जागेवर बसवाचे. पितळेचा बाळकृष्ण, अन्नपूर्णा, अंगठ्याएवढा मारुती आणि नदीतून आणलेला एक गोटा, ज्याले ती महादेव म्हणे. सगळे जरमनच्या गंजात, ज्या अल्युमिनियमच्या पातेल्यात एरवी ती अंडे उकडे. वर झाकणी. मंग दवाखान्यात वार्डाच्या बाहेर बाकावर बसून एकच वाक्य लावलं, "बाप्पा, माह्या पोराले मोकळं कर. बाप्पा, माह्या पोराले मोकळं कर." तिच्या मनात मोकळं म्हणजे सलाईनच्या नळीतून मोकळं, दवाखान्यातून मोकळं, घरी येऊन धानाच्या रोवणीच्या चिखलात लोळाले मोकळं.

दुसऱ्या दिवशी, जेवणाचे डबे वाटून राह्यले होते तवा, मंगेश गेला. सिस्टर चांगली होती बिचारी. तिनं मोठीमायच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणते, "रडू नका बाई, मोकळा झाला तो." घरी आलो त शेजारीण म्हणते, "मोकळं झालं वो लेकरू." मातीले आलेला जो तो तेच. कोणी वाईट बोलून नव्हता राह्यला, आपल्याकडं तसंच म्हणतात. पण प्रत्येकाच्या तोंडातून तिचाच शब्द तिले वापस भेटून राह्यला होता. मले दिसलं, एका जागी तिचं रडणं नळ बंद करावा तसं बंद झालं. माह्याकडं पाहून म्हणते, "म्हणजे त्यानं ऐकलं?"

लोकं म्हणतात, मागितलेलं नाई भेटलं की माणसाचा देवावरचा विश्वास उडते. आमच्या भिंतीपलीकडं एकाचा उडला. मोठे बाबा भजनात टाळ वाजवत, त्यायनं ते टाळ दुसऱ्याले देऊन टाकले. म्हणत, "कोणी नाई वरतं. असता त एखाद्या वेळेस तरी ओ दिला असता." आणि एकीचा इतका पक्का झाला की पाहून भ्या वाटे. मोठीमाय म्हणे, "नसता त माहा शब्द कोणं ऐकला? आहे तो. पण बह्याड आहे, पुरा येडा." देव काही तिनं पाण्यातून काढले नाई. रोज सकाळी गंजातलं पाणी फेके, ताजं भरे. मी म्हटलं, "मोठीमाय, एवढी चिड आहे त पाणी कायले बदलवतं?" म्हणते, "सडला त सुटला ना तो! त्याले सोडाचं नाई, बुडवूनच ठेवाचं." आणि हे बोलता बोलता मले लाखोरीची डाळ वाढे, वरून तेल टाकू का म्हणून इचारे.

एक दिवस म्हणते, "काऊन रे, तू साऱ्या गावाचे आवाज काढतं. देवाचा काढून दाखव."

मी म्हटलं, "ऐकलाच नाई त काढू कसा?"

"थांब. मी काढतो." तिनं पदर डोक्यावर घेतला, मांडी घातली, आशीर्वादाचा हात वर केला, तोंड उघडलं... आणि काहीच बोलली नाई. तोंड तसंच उघडं, डोळे माह्यावर. बाहेरून एक फटफटी गेली, कोंबड्या ओरडल्या, चुलीवरचा भात उतू गेला. तिनं तोंड मिटलं नाई. मले आधी हसू आलं, मंग आलं नाई, मंग वाटलं, हिनं आता काहीतरी बोलावं बाप्पा. तवा तिनं हात खाली घेतला. म्हणते, "हुबेहूब का नाई?" मी स्टेजवर इतक्या लोकायचे आवाज काढतो, पण एवढी पक्की नक्कल मले अजून जमली नाई.

मंग तिचंच हृदय बिघडलं. पाय सुजले, दोन पावलं चालली की दम लागे. त्या लग्नाले जाच्या आधी मी भेटाले गेलो, तीच शेवटची भेट. म्हटलं, "मोठीमाय, आता काढू का देव? तुह्यासाठी मी मागतो काहीतरी." खाटेवरून हसली, हसता हसता खोकली. "काही मांगू नको. त्याले मराठी समजत नाई. एक शब्द सांगतला त पोरगा घेऊन गेला. तू पुरं वाक्य सांगशीन त सारं कुरखेडा नेईन तो." मी दारातून निघालो त मागून आवाज आला, "पाणी बदलवलं का रे आज?" आणि मी बदलवून गेलो.

तेरवीले पंगत बसली. जो येये तो म्हणे, "मोकळी झाली माय." घरात बाया कुजबुज करून राह्यल्या, देव असे बुडालेले बरे नाई, ज्यानं बुडवले तेच राह्यलं नाई, आता काढा. मले पटलं. वाटलं, तिचं भांडण तिच्यासंगं गेलं. मोठे बाबा बाहेर वाढून राह्यले होते आणि तसंही ते म्हणतात का कोणी नाई. त मी झाकणी काढली. बाळकृष्ण हिरवा पडला होता. गोट्याले बुळबुळी शेवाळ. एकेकाले तिच्याच जुन्या लुगड्याच्या तुकड्यानं पुसलं आणि पाटावर ओळीत बसवलं. मारुती पुसता पुसता मोठे बाबा आत आले, हातात वरणाची बादली.

"कोणाले इचारून काढले?"

"मोठे बाबा, तुम्हीच त म्हणता, कोणी नाई त्यात."

"नाईच कोणी. पण तिनं माफ केलं का? तुह्या कानात सांगून गेली का, माफ केलं म्हणून?"

मी घाबरलो. घाबरलो की माहं तोंड माह्या आधी चालते. म्हटलं, "तसं नाई... म्हटलं, त्यायले बी मोकळं करू एखाद्या वेळेस."

त्यायनं बादली खाली आपटली. वरण भिंतीवर उडलं. मोठ्या बाबानं माही कॉलर धरली, आणि मी जन्मात त्यायचा तो आवाज ऐकला नव्हता, अजून काढूनही पाहिला नाई. "बह्याडा! या घरात तो शब्द पुन्हा काढशीन त जीभ उपटून तुले बी त्याच गंजात टाकीन. टाक ते सगळे परत. त्या गोट्याले बी टाक. आणि उभा काय राह्यला मुर्द्यावानी? पाणी मी काल भरलेलं आहे... ताजं आण!"