सुनावणीच्या दिवशीचं जेवण

तलासरीकडच्या आमच्या डोंगरातल्या गावांत एक रीत आहे. ज्याच्याकडे जेवलो, त्याच्याविरुद्ध त्या दिवशी तोंड उघडायचं नाही. भांडायचं असेल तर दुसऱ्या दिवशी भांडावं, पोटात त्याचं अन्न असताना नाही. बाहेरच्या माणसाला हे कळायचं काही कारण नव्हतं. खदानवाल्या कंपनीला ते मी सांगितलं.

तेव्हा मी त्यांच्याकडे नोकरीला होतो. हुद्दा स्थानिक समन्वयकाचा. काम म्हणजे साहेबाला पाड्यापाड्यांतून फिरवायचं, कोण कुणाचा मेहुणा, कुणाचं कोण ऐकतं, ते सांगायचं. टेकडीच्या एका अंगाला दगडाची खदान आणि क्रशर यायचा होता. त्याआधी पर्यावरणाची जनसुनावणी घ्यावी लागते. अधिकारी येतात, अहवालाचा सारांश वाचतात, लोक उठून हरकती सांगतात आणि त्या इतिवृत्तात लिहून घेतात. साहेब धास्तावला होता.

"काका, तुमचे लोक गोंधळ घालतील का?"

"सुनावणी जेवणानंतर ठेवा," मी म्हणालो. आणि का ठेवायची, तेही सांगितलं.

शाळेच्या मैदानात मांडव पडला. मटण, भात, वर बुंदी. माझी थोरली बहीण त्याच टेकडीखालच्या पाड्यात दिलेली. तिला मी स्वतः वाढलं, आग्रह करून. मग अधिकाऱ्यांनी माइक पुढे केला आणि विचारलं, कुणाला काही म्हणायचंय? कुणी उठेना. मागून एक म्हातारा म्हणाला, "उद्या बोलू." लोक हसले, अधिकारीही हसले. त्यांना तो विनोद वाटला. इतिवृत्तात आलं की उपस्थितांपैकी कुणीही हरकत घेतली नाही.

सुरुंग सुरू झाले तसा बहिणीच्या पाड्याचा झरा आधी गढूळ झाला, मग आटला. बायका टेकडीला वळसा घालून पलीकडच्या झऱ्यावर जाऊ लागल्या. मी होळीला गेलो की बहीण मला अर्धाच तांब्या पाणी द्यायची. मी तो पिऊन परत यायचो आणि दुसऱ्या दिवशी कामावर जायचो. असं मी निवृत्त होईपर्यंत केलं.

साहेबाचा राग मला तेव्हा आला नाही. तो आला एका पार्टीत. बाहेरून आलेल्या पाहुण्यांना साहेब माझ्यादेखत सांगत होता, "इथे विरोध-बिरोध काही नसतो. एक ताट वाढा, गप्प बसतात." सगळे हसले. मीही दात दाखवले. वय झालं की माणूस माफ करायला शिकतो म्हणतात. माझं उलट झालं. ते हसणं मी जपून ठेवलं.

मध्यंतरी साहेबाचा फोन आला. खदान वाढवायची होती, टेकडीच्या दुसऱ्या अंगाला. म्हणजे तो पलीकडचा, उरलेला झराही जाणार. या वेळी सुनावणी डहाणूत, शहरातल्या हॉलमध्ये ठेवली होती. लांब पडलं की लोक कमी येतात, एवढं तो माझ्याशिवाय शिकला होता.

"काका, मागच्यासारखं जमवून द्या."

"जमवतो," मी म्हणालो.

बहिणीकडे गेलो. म्हटलं, डहाणूला जाताना सगळ्यांनी वाटेत कैनाडला माझ्या घरच्या अंगणात उतरा, तिथे जेवा, मग पुढे चला. तिने माझ्याकडे बघितलं.

"तुझ्याकडे जेवलो तर तुझ्याविरुद्ध बोलता यायचं नाय."

"पीठ तुमचं, लाकडं तुमची, हात तुमचे. माझं फक्त अंगण."

"आणि पाणी?"

"तेही तुमचंच आणा."

सुनावणीच्या सकाळी टेम्पो आले ते हंडे घेऊन. अंगणात चुली पेटल्या. नागलीच्या भाकऱ्या आणि जवळ्याची चटणी. साहेबाची गाडी काही कागद द्यायला आली, तर ड्रायव्हरही उकिडवा बसून दोन भाकऱ्या खाऊन गेला. तो आमच्याच बाजूचा. जाताना म्हणाला, "काका, आज माझा पण आवाज गेला समजा. खदानीच्या बाजूने बोलायचा."

हॉलच्या खाली कंपनीची बिर्याणीची पातेली लागली होती, जिलेबीचे ट्रे होते. आमची माणसं त्यांच्यासमोरून सरळ जिना चढून गेली. वाढपी झारा धरून उभे. साहेब घाईने माझ्याकडे आला.

"काका, लोक जेवत का नाहीत?"

"पोटं भरलेली आहेत."

"कुठे भरली?"

"घरच्या भाकरीने."

त्याला कळत गेलं तसा त्याचा चेहरा उतरत गेला आणि मी तो डोळे भरून पाहिला. ते समाधान लपवायचं मला कारण नाही.

"इतकी वर्षं आमचं अन्न खाल्लंत तुम्ही," तो म्हणाला.

"खाल्लं. एका ताटाला एक दिवस गप्प, मी तर वर्षानुवर्षं खाल्लं; म्हणून तर मी तुमच्याविरुद्ध एक शब्द बोलणार नाही. गप्प बसून राहणार."

वर सुनावणी सुरू झाली आणि लोक बोलले. भिंतींना गेलेले तडे, भातावर बसणारी भुकटी, खोकणारी पोरं. प्रत्येक जण शेवटी एकच मागणं करत होता: हा झरा ठेवा, आम्हाला दुसरा उरलेला नाही. मग बहीण उठली. माइक तिला उंच होता, तो कुणीतरी खाली केला.

"मागच्या टायमाला आम्ही गप्प बसलो, कारण आम्हाला आधी जेवू घातला होता. ती अक्कल ह्यांची नाय. ती ह्या माझ्या भावाची," असं म्हणून तिने माझ्याकडे बोट केलं. "आमची रीत त्याने विकली. आमचा पहिला झरा त्याने घालवला."

लिहिणाऱ्याने वर बघितलं. साहेब पटकन म्हणाला, "सर, ही घरगुती बाब आहे. रेकॉर्डवर नको." अधिकारी मान हलवायच्या बेतात होते.

कंपनीविरुद्ध मला बोलता येणार नव्हतं. पण स्वतःविरुद्ध बोलायला कुठल्याच रीतीची आडकाठी नाही. मी उभा राहिलो.

"ती म्हणते ते खरं आहे. जेवण आधी द्यायला मी सांगितलं, ते गप्प राहावेत म्हणून. ते का गप्प राहतील, तेही मी सांगितलं होतं. तेव्हाचं 'हरकत नाही' हे असं झालेलं आहे. माझ्या नावानिशी लिहा."

"तुमची सही लागेल," अधिकारी म्हणाले.

"करतो."

शेवटी इतिवृत्त मोठ्याने वाचून दाखवलं. माझं नाव आलं तेव्हा साहेब मोबाइलमध्ये बघत होता, पण बोट हलत नव्हतं. मी ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं. त्यांनी वाचलं.

निकाल अजून वरून यायचा आहे. परवानगी मिळणारच नाही असं मी म्हणत नाही. पण मिळाली तर कुणालाही म्हणता येणार नाही की इथल्या लोकांची ना नव्हती.

बाहेर टेम्पो भरत होते. बहीण रिकामा हंडा घेऊन उभी होती.

"सगळ्यांदेखत तुझी लाज निघाली," ती म्हणाली.

"निघू दे."

"अजून निघायला पाहिजे होती," असं म्हणून ती टेम्पोत चढली.