खताच्या ढिगातला चुना

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. माझ्या थोरल्या भावाच्या खताच्या ढिगात चुना मी कालवला. चुकून नव्हे. रविवारी सकाळी सगळे देवळात उपासनेला गेले असताना, अंगात कणकण आहे असं सांगून मी घरी राहिलो आणि ते काम केलं.

आमचं गाव सुप्याजवळ. दादाचं आणि माझं घर एकाच कुंपणात. मागे दोघांच्या भाजीच्या बागा, मध्ये पाण्याचा पाट. दादा शेती करतो, मी शाळेत विज्ञान शिकवतो. दादाची म्हणायची ती बाग खरं तर वहिनींची. वाफे, पाणी, खुरपणी सगळं त्यांच्या हातचं. दादाकडे फक्त खत बनवणं होतं, आणि त्याचा त्याला भारी अभिमान.

आमच्या ख्रिस्ती मंडळीत कापणीचा सण असतो. ज्याच्या शेतात, परसात जे आधी येईल ते टोपलीत घालून देवापुढे ठेवायचं. उपासना झाली की अंगणात त्याचा लिलाव. दादाच्या वांग्यांवर दरवर्षी बोली चढायची. माझ्या टोपलीत दुकानातून आणलेला नारळ असायचा. एकदा तरी आपल्या वाफ्यातलं काही तिथं ठेवावं, असं मला फार वाटायचं.

म्हणून एका वर्षी मी दादाला विचारलं, "जमिनीत घालतोस काय काय?"

तो पाटाच्या कडेला बसला आणि बोटांवर मोजत सांगू लागला. चार पाट्या शेणखत, एक पाटी कोंबडखत, एक पाटी साखर कारखान्याची मळी, वर दोन मुठी निंबोळी पेंड. "समदं एक करायचं आन् वाफ्यात पसरायचं. बास. त्यात काय हाय!"

मी ते वहीत लिहून घेतलं. कोंबड्यांच्या शेडवरून ताजं खत आणलं, सगळं कालवलं, पसरलं आणि त्याच संध्याकाळी वांग्याची रोपं लावली. पाच-सहा दिवसांत पानांच्या कडा करपल्या. आठवड्यानंतर वाफ्यात नुसत्या काड्या उभ्या होत्या. वर्गात अमोनिया शिकवणाऱ्या माणसाला हे आधी कळायला हवं होतं, कबूल. पण भावानं सांगितल्यावर पुस्तक उघडून बघावं, असं मनातही आलं नाही.

सणाच्या दिवशी अंगणात कुणीतरी विचारलं, "काय मास्तर, औंदाबी नारळच का?"

दादा हसत म्हणाला, "मास्तरनं रोपं उकडली! आरं, कोंबडखत म्हैनाभर पानी मारून मुरवाया लागतं. त्याबिगर घालत्यात व्हय?"

"मग तेव्हा का नाही सांगितलंस?"

"समदंच सांगितल्यावर आमच्या टोपलीला कोन इचारील?"

अंगणभर हशा. मीही हसलो. काय करणार?

हा तोच दादा. वडील अंथरुणाला खिळले तेव्हा त्यानं शाळा सोडली, म्हणून मी शिकलो. स्वतःचं शिक्षण त्यानं मला देऊन टाकलं आणि एक महिना थांब, एवढं वाक्य मात्र राखून ठेवलं. तेही वांग्यांसाठी. त्याची चीड येण्याआधी मला लाज वाटली, की मी याला ओळखलंच नव्हतं. नंतर चीड आली, आणि ती कितीतरी महिने उतरली नाही. त्याच्याशी रोज बोलायचो, पाटाचं पाणी वाटून घ्यायचो, आणि मनात अंगणातला तो हशा चालूच असायचा.

देवळाला रंग दिल्यावर उरलेला चुना माझ्याकडे ठेवला होता. दादाचा पुढच्या हंगामाचा ढीग मुरत आला होता. आमची जमीन आधीच चुनखडीची. त्यात चुना गेला तर ढिगातला कस उडून जाईल आणि वर पानं पिवळी पडतील, हे मी पुस्तकात बघून खात्री करून घेतली. या वेळी बघितलं. फावड्यानं ढीग उकरला, चुना आत कालवला, वरून शेण सारखं केलं, हातपाय धुतले आणि अंथरुणात जाऊन पडलो.

पुस्तकात लिहिल्यासारखंच झालं. वाफे पिवळे पडले. पानाच्या शिरा तेवढ्या हिरव्या. दादानं उरलेला ढीग उकरला, पांढरे खडे दिसले, आणि तो वहिनींवर ओरडला. त्या अंघोळीच्या पाण्याची चूल पेटवायच्या आणि राख कधीकधी ढिगावर टाकायच्या.

"किती डाव सांगितलं, राख टाकू नको म्हनून!"

"दोनदाच टाकली वो. येवढी न्हाई."

दुपारी त्या पाटापाशी आल्या. ढिगातलं ओंजळभर खत त्यांनी पदरात आणलं होतं. "भावजी, तुमी शिकल्यालं हाय. बघा बरं. राखेनं असा नाकात जानारा वास येतो का?"

मी वास घेतला. ताज्या शेणात राख पडली तर थोडा तसा वास येतो, हे खरंच आहे. त्या खऱ्याच्या आड मी लपलो.

"येतो वहिनी," म्हणालो. "राखेनंच येतो."

त्यांनी पदर झटकला. "मंग माझ्याच हातनं झालं," म्हणाल्या आणि घरात गेल्या. मास्तरनं सांगितल्यावर पुढे बोलायला त्यांना जागाच उरली नाही.

त्यानंतर दादानं त्यांना बागेत हात लावू दिला नाही. वाफे मोडून कांदा लावला. आता वहिनी आठवड्याच्या बाजारातून वांगी आणतात, सणाला कांद्याची टोपली दादाच्या हातात असते आणि त्या मागून चालतात. मी गेलो की चहा ठेवतात.

दादानं मला दगा दिला, हे मी आजही मागे घेत नाही. पण त्याची फेड मी भलत्याच माणसाकडून करून घेतली. ढीग तुम्ही बिघडवला नाही, मी बिघडवला, आणि तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोललो, हे दादासमोर उभं राहून वहिनींना सांगायचं देणं माझ्यावर आहे. अजून सांगितलेलं नाही.