आत्याबाईंच्या हातचं झाड

भाऊजी, बहात्तरच्या दुष्काळात आम्ही दोघं आत्याबाईंना घेऊन सांगलीला निघालो, त्या दिवशी तुम्ही जनावरं घेऊन छावणीवर होतात. त्यामुळे म्हसवडच्या स्टँडवर काय तमाशा झाला ते तुम्हाला ठाऊक नाही. तुमच्या आई पाण्यानं भरलेली कळशी घेऊन एसटीत चढत होत्या. कंडक्टर म्हणाला, "म्हातारे, सांगलीला किष्णा वाहतीया, तितं पानी न्हेतीस व्हय?" आत्याबाई म्हणाल्या, "किष्णा तुजी आसंल. वाटंत माज्या लेकराला कोन दील का घोटभर?" लेकरू म्हणजे तुमचे थोरले बंधू, डोक्यावरचे निम्मे केस गेलेले. ते लाजेनं दुसरीकडे तोंड करून उभे. शेवटी कळशी मांडीवर धरायच्या बोलीवर गाडीत घेतलं, आणि विट्यापर्यंत निम्मी कळशी माझ्या लुगड्यावर सांडली. हसावं की रडावं कळेना, म्हणून मी दोन्ही केलं.

घराला कुलूप लावताना मात्र त्या गप्प होत्या. जुंधळा वीतभर होऊन जागेवर वाळला होता. विहिरीत गाळही उरला नव्हता. मामांच्या, म्हणजे तुमच्या वडलांच्या माघारी त्यांनी वाढवलेली कालवड, जिला त्या आपल्या वाटणीचं अर्धं पाणी पाजत होत्या, तीही गेली. ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत, मी पुन्हा सांगत नाही.

माझं म्हणाल तर मी मूळची खंडाळ्याकडची. माहेर सुटलं तेव्हा महिनाभर डोळ्यांचं पाणी खळलं नाही. मग आपल्या वस्तीवर रुळले, तोवर ह्यांना सांगलीला विश्रामबागेतल्या कचेरीत कारकुनी लागली आणि तिथूनही उठले. दोनदा उपटलेल्या बाईला नव्या जागेचं फारसं भय वाटत नाही. आत्याबाईंनी लग्न होऊन आल्यापासून ती एक वस्ती सोडली नव्हती. बाजार आणि सिद्धनाथाची जत्रा, एवढाच त्यांचा प्रवास.

आमचं बिऱ्हाड दोन खोल्यांचं. आत स्टोव्ह, मोरी, मोरीत नळ. मी नळ सोडला की त्या बाहेरच्या खोलीतून धावत येऊन बंद करायच्या. "कुनाचं हाय गं ह्ये पानी?" असं सारखं विचारायच्या. आपलंच आहे म्हटलं तरी पटत नसे. सकाळी एक तांब्या आपल्या वाटणीचा म्हणून भरून घ्यायच्या आणि दिवसभर तेवढ्यावर राहायच्या. चहासुद्धा अर्धा कप. माझ्या जिवाला इतकं लागायचं, पण बोलायची सोय नव्हती.

शेजारी कॉलेजात शिकवणाऱ्या एक बाई राहायच्या. त्यांना पुण्याला नोकरी लागली, तेव्हा जाताना त्यांनी एक कुंडी माझ्या हातात दिली. मरांटा. त्याला प्रेयर प्लांट, म्हणजे प्रार्थनेचं झाड म्हणतात म्हणाल्या. उन्हात ठेवू नका, मातीत बोट घालून बघा आणि कोरडं लागलं तरच पाणी द्या. संध्याकाळी ते हात जोडतं, असंही काहीसं सामान बांधता बांधता म्हणाल्या. मला वाटलं शिकलेल्या बायकांचं कौतुक असतं एकेक. मी हो हो केलं आणि कुंडी घरात आणून ठेवली. पान मात्र देखणं होतं हो, हिरव्यावर तांबड्या शिरा आणि मागून जांभळी झाक.

आत्याबाईंनी चौकशी केली. "ह्येची भाजी हुती का?"

"न्हाई."

"मंग आवशीद?"

"ते बी न्हाई."

"मंग नुसतंच ऱ्हातंय म्हन की. माज्यावानी."

मला गलबलून आलं. मी म्हटलं, "मग तुमीच बघा त्याच्याकडं, आत्याबाई." ऊन लावू नका एवढं सांगितलं आणि कुंडी त्यांच्या ताब्यात दिली. त्यांनी ती बाहेरच्या खोलीत आपल्या वळकटीशेजारी, सावलीच्या खिडकीत ठेवली. घरात आल्यापासून पहिल्यांदा त्यांना काहीतरी काम मिळालं. पानांवरची धूळ पदरानं पुसायच्या, त्याच्याशी पुटपुटायच्या. मी मनात म्हटलं, आता त्या रमतील.

पण झाड उतरायला लागलं. आधी पानांच्या कडा तपकिरी झाल्या, मग एकेक पान पिवळं पडून गळू लागलं. देठ बुडाशी मऊ पडला. आणि झाडाबरोबर आत्याबाईही उतरल्या. भाकरीचा एक तुकडा मोडायच्या आणि ताट सारायच्या. एक दिवस ह्यांना म्हणाल्या, "मला माघारी घालीव बाबा. माज्या हाताला येश न्हाई. तितं समदं ग्येलं, आन हितं बी ह्ये झाड माज्या हातनं मराय लागलंय." ह्यांनी परोपरीनं समजावलं. गावात दाणा नव्हता, पाणी नव्हतं, घर बंद. म्हणजे त्या वयात दुष्काळी कामावर खडी फोडायला बसायचं. पण त्यांनी गाठोडं बांधून दाराशी ठेवलं. दिवाळीनंतर सोडतो, असं सांगून ह्यांनी वेळ मारून नेली.

संध्याकाळी मी आत स्टोव्हशी असायची, त्यामुळे बाहेरच्या खोलीत काय चालतं ते दिसत नसे. एकदा रॉकेल संपलं म्हणून दिवेलागणीला मी बाहेर आले, तर आत्याबाई आपल्या तांब्यातलं उरलेलं पाणी कुंडीत ओतत होत्या. माती आधीच चिखल झालेली. खालच्या ताटलीतून पाणी फरशीवर आलेलं.

"आवं आत्याबाई, किती पानी घालताय त्याला!"

"मंग काय करू? बघ की, पानं वळल्यात. सकाळच्याला जरा बरं आसतंय, सांज झाली का रोज आसंच वळतंय. जुंधळ्याची बी आशीच वळली हुती." आणि खालच्या आवाजात, "तवा घालाय पानी न्हवतं."

मी पाहिलं. दिवसा ताटलीसारखी आडवी पसरणारी पानं उभी राहून एकमेकांना टेकत होती. तेव्हा कुठं मला कॉलेजच्या बाईंचं बोलणं उमगलं. आपल्याकडं पान वळतं ते तहानेनं. दुसरं कारण आपल्याला माहीतच नसतं. रोज तिन्हीसांजेला झाड आपल्या डोळ्यांदेखत तहानेनं वळतंय, असं समजून ती बाई आपल्या तोंडचं पाणी त्याला पाजत होती.

"आत्याबाई, तहान न्हवं ती. निजतंय ते. रोज रातीला निजतंय आन सकाळी उठतंय."

"झाडं कवापासनं निजाय लागली?" त्या फणकारल्या. मग त्यांचा हात तसाच थांबला. "चिच निजती," त्या हळूच म्हणाल्या. "आपल्या दारातली चिच. सांज झाली का पाला मिटून घेती. तिला कुनी पानी घालतंय व्हय?"

त्यांनी तांब्या खाली ठेवला आणि कुंडीतल्या चिखलात बोट घातलं.

"मंग म्या बुडवलं की गं ह्येला."

"मायेनंच पाजलंत न्हवं?"

"कालवडीला बी मायेनंच पाजलं." आणि त्या रडायला लागल्या. घर सोडताना रडल्या नव्हत्या, त्या आत्ता मोठ्यानं, लहान पोरीसारख्या रडल्या. मी त्यांना जवळ घेतलं. सासूला असं जवळ घ्यायची आपल्यात रीत नाही, पण घेतलं. म्हटलं, "तितं पानीच न्हवतं आत्याबाई. आन हितं पानी जास्ती झालं. तुमच्या हाताचा काय दोष त्यात?"

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघींनी कुंडी पालथी केली. मुळं काळी पडून कुजलेली, वास येत होता. मी टाकून देणार होते. आत्याबाईंनी पदर खोचला. "थांब. ह्यो एक फाटा कडक हाय. पेर बघून कांडी काढ, उसावानी." वनस्पती तुपाच्या रिकाम्या डब्याला खिळ्यानं भोकं पाडली, कोपऱ्यावरच्या बांधकामातली वाळू आणली, थोडं जुनं शेणखत मिसळलं आणि कांडी लावली. मग खरी परीक्षा. संध्याकाळ झाली, त्या कांडीची उरलेली दोन पानं उभी राहू लागली की आत्याबाईंचा हात तांब्याकडं जायचा. मग त्या दोन्ही हात मांडीखाली घालून बसायच्या. सकाळी पानं पसरलेली दिसली की माझ्याकडं बघायच्या, जणू मीच रात्रभर राखण केली होती. मातीत बोट घालणं मात्र कुणी सांगावं लागलं नाही. जन्मभर ओल बघितलेलं बोट होतं ते.

एका सकाळी त्यांची हाक आली, "सूनबाई, पळ! पोंगा फुटला गं, पोंगा!" ज्वारीच्या पोटातून कोवळं पान गुंडाळून वर येतं, तसंच ते आलं होतं, सुरळी होऊन, ओलसर, पोपटी. आत्याबाई त्याच्यापुढं फतकल मारून बसल्या होत्या. त्या दिवशी त्यांनी मोरीत जाऊन आपल्या हातानं नळ सोडला आणि भरभरून तोंड धुतलं. जेवताना दुसरी भाकरी मागितली. दाराशी ठेवलेलं गाठोडं त्यांनीच सोडलं, आणि मी समजले की आपण जिंकलो.

पुढच्या पावसाळ्यात आपल्याकडं रानं भिजली आणि तुम्ही न्यायला आलात. माझी खात्री होती, त्या येणार नाहीत. त्या तर तुमच्या आधी तयार. मी दारात आडवी उभी राहिले. "आवं, आत्ता कुटं रुळलाय. ऱ्हावा की."

त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला. "माज्या हातनं ह्ये झाड जगलं न्हवं? मंग माजं रान का न्हाई जगायचं? मी पेराय जाती."

आणि गेल्या. थोरलीला सासू जड झाली, असं त्यावर गावात बोललं गेलं. भाऊजी, एकदा तुमच्याही तोंडून ते निघालं, म्हणून आज हे सगळं लिहायला बसले. पुण्याला दिलेल्या वन्संनाही वाचून दाखवा. मला राग आला होता, अजून आहे. त्या गेल्या त्या दिवशी मला स्वयंपाक सुचला नाही, हे तुमच्यापैकी कुणाला माहीत आहे?

मला कुणी गाव विचारलं की पूर्वी मी घुटमळायची. खंडाळा सांगू, म्हसवड सांगू? आता सरळ सांगली सांगते. ज्या मातीत हात घालायला आपल्याला भीती वाटत नाही, ते आपलं घर, असं मला वाटतं. माझी ती माती आता इथं आहे, चार कुंड्यांत का होईना. आत्याबाईंची तिकडं होती, आणि तिकडं जाण्याइतकी हिंमत त्यांच्या हातात परत आली होती. मी त्यांना घालवलं नाही, भाऊजी. बरं करून पाठवलं तुमच्याकडं.