मीटरबाईचं माप

माझी धाकटी जाऊ माणसांचा श्वास मोजते. लग्न ठरलं तेव्हा तिच्या नोकरीबद्दल आम्हाला एवढंच कळलं होतं, आणि जो तो विचारत होता, "मोजून करते काय?"

इस्पितळाच्या तळघरात तिची खोली आहे. तिथे ट्रेडमिल, शेजारी यंत्र, यंत्राची नळी आणि नळीच्या टोकाला रबरी मुखवटा. तो नाकातोंडावर बसवून माणूस चालू लागला, की आत-बाहेर जाणाऱ्या हवेवरून त्याची चालण्यात किती शक्ती जाते ते ती सांगते. खेळाडू येतात, हृदयाचे रोगी येतात, नवा कृत्रिम पाय बसवलेले येतात. रोज सकाळी ती यंत्राला आधी सिलिंडरमधली माहितीतली हवा हुंगवते. त्याने ती नीट ओळखली, तरच पहिल्या माणसाला आत घेते. घरातही तीच तऱ्हा. आमटीत मीठ आहे का विचारलं, तर चाखल्याशिवाय "असेल" म्हणायची नाही. माझे यजमान तिला मीटरबाई म्हणतात. तीही हसून ओ देते.

सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं आणि जुळलं, त्यानंतरची गोष्ट. त्यांची खोली वरच्या मजल्यावर. स्वयंपाकघर, न्हाणीघर, माणसांची ये-जा सगळी खाली. त्यांना खाट खालच्या पुढच्या खोलीत हवी होती. यजमान ऐकेनात.

"आई, डॉक्टर म्हणतात हाड नव्यासारखं झालंय."

"हाड झालं असेल. मी कुठे झालेय?"

"एकदा खाट खाली आणली, की तू उठायचीच नाहीस."

"दमते रे मी."

"सगळेच दमतात."

रोज जेवताना हेच. शेवटी एकदा जाऊ वाढता वाढता थांबली. "दादा, डॉक्टरांना विचारून मी मोजते ना. तुम्हालाही मोजते. भांडता कशाला?"

दोघांनाही पटलं. यंत्र सांगेल तसं करायचं ठरलं.

मीही बरोबर गेले. जाऊने सासूबाईंना आधी खुर्चीत नुसतं बसवून त्यांचा श्वास मोजला. मुखवटा लावल्यावर बोलायचं नाही, ही अट ऐकून यजमान म्हणाले, "हे आधी माहीत असतं तर घरीच एक आणून ठेवला असता." सासूबाईंनी मुखवट्याआडून नुसते डोळे वटारले. नेहमीच्या वेगाला त्यांचा पाय ओढला जाऊ लागला, तेव्हा जाऊने पट्टा हळू केला, स्वतः त्यांच्या मागे हात धरून उभी राहिली. मग यजमान चालले, ऐटीत.

जाऊने दोन्ही आकडे पाहिले. तिचा चेहरा जरा पडला. "जवळजवळ सारखेच आहेत," ती म्हणाली.

यजमानांनी एवढंच म्हटलं, "बघ, आई." पण घरी येईपर्यंत ते शीळ घालत होते.

सासूबाई भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "यंत्रच म्हणतंय तर माझंच काहीतरी चुकत असेल," आणि कठडा धरून वर गेल्या. दुसऱ्या दिवशी चहाला खाली आल्या नाहीत. जाऊ कप घेऊन वर गेली आणि त्या न्हाणीघराकडे निघाल्या तेव्हा त्यांच्या मागोमाग उतरली. सासूबाई पायरीवर दोन्ही पाय टेकवत, थांबत, मग पुढची पायरी घेत. मागे जाऊला मुंगीच्या पावलांनी यावं लागलं. ती अर्ध्या जिन्यात उभीच राहिली. मग डबा न घेताच कामाला गेली.

संध्याकाळी चपलांसकट आत आली. यजमान पेपर वाचत होते.

"दादा, माझं चुकलं."

"काय?"

"माझ्याकडे बहुतेक सगळे एकाच वेगाने चालतात. पट्ट्याचा वेग ठरलेला. म्हणून मिनिटाला किती शक्ती गेली तेवढं मी बघते. आईंसाठी पट्टा हळू केला, आणि आकडा सवयीने मिनिटाचाच वाचला."

"मग?"

"मिनिटाला त्यांची शक्ती तुमच्याएवढीच जाते. पण तेवढ्यात तुम्ही कोपऱ्यावरच्या दुकानाशी पोचता आणि त्या जेमतेम फाटकाशी. तेवढंच अंतर कापायला त्यांना दुप्पट शक्ती लागते. म्हणून तर त्या हळू चालतात. हेही सपाटीवर. जिना मी मोजलेलाच नाही."

"काल एक, आज दुसरं. उद्या तिसरं सांगशील."

"यंत्र काल बरोबरच सांगत होतं. वाचणारी चुकली."

"घरात ठीक आहे. असं नोकरीत बोललीस तर ठेवतील का?"

"तिथेच आधी बोलले. डॉक्टरांना सांगून आले. ज्यांच्या ज्यांच्यासाठी मी पट्टा हळू केला होता, त्या सगळ्यांचे आकडे परत काढायला बसणार आहे. कृत्रिम पायवाले आहेत त्यात. त्यांनाही घरी कुणी आळशी म्हणत असेल."

हे शेवटचं ती मुद्दाम बोलली नसावी, पण यजमानांना ते बरोबर लागलं. चूक कबूल करताना आवाज जराही न चढवणारं माणूस आमच्या घरात तोवर कुणी पाहिलं नव्हतं. त्यांनी पेपरची घडी केली, उलगडली, पुन्हा केली.

"त्या खाटेचे पाय निघतात का गं?" त्यांनी मला विचारलं.

निघत नव्हते. यजमान आणि धाकटे दीर, दोघा भावांनी जिन्यात खाट आडवी-उभी केली, भिंतीचा रंग खरवडला, एकमेकांना शिव्या घातल्या. वरून सासूबाई ओरडत होत्या, "अरे, गादी आधी काढा, गाढवांनो!"

पुढच्या खोलीत आल्यापासून त्या पडून राहिल्या का? पहिल्याच आठवड्यात फाटकापर्यंत गेल्या. मग एका दुपारी खोलीत दिसेनात. यजमान चप्पल न घालताच शोधायला धावले, तो समोरून त्या काठी टेकत येताना दिसल्या. घाम आलेला, धाप लागलेली.

"आई! दमलीस ना?"

"दमले तर! मैत्रिणीकडे जाऊन दमले. सरक, मला बसू दे."